लिमयेबाईंचं ‘कुठलं?’

पाहुणा दारात आला की आधी पाणी द्यायचं आणि पाहुण्याने ते निमूटपणे प्यायचं, ही आपली रीत. तहान नसली तरी दोन घोट घ्यायचे, पेला खाली ठेवायचा आणि मग बोलायला लागायचं. लिमयेबाईंना ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. डोंबिवलीच्या चांगल्या शिकल्यासवरल्या घरात वाढलेली बाई. पण पाण्याचा पेला समोर आला की हात पुढे करण्याआधी त्या चष्म्याच्या वरून बघायच्या आणि एकच शब्द विचारायच्या.

“कुठलं?”

बस्स. ‘हे पाणी कुठून भरलंत हो’ असं मऊ करून नाही. नुसतं ‘कुठलं?’ बारशात विचारायच्या, लग्नात विचारायच्या, तेराव्यालाही विचारायच्या. आमच्या मजल्यावर एका घरात नवी सून आली होती. तिने बाईंपुढे ट्रे धरला. “कुठलं?” बाईंनी विचारलं. बिचारी गोंधळली आणि म्हणाली, “मी चिपळूणची.” सगळे खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. “तू चिपळूणची, ते बोलण्यावरून कळतंय. पाणी कुठलं?”

इमारतीत त्यांचं नाव ‘कुठलंबाई’ पडलं. पोरं जिन्यात ‘कुठलं, कुठलं’ ओरडत पळायची. मोठी माणसं पोरांना दटावायची आणि दार लावून घेतल्यावर स्वतः तीच नक्कल करायची. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन हळवं व्हावं अशी अपेक्षा असते. मला लिमयेबाई आठवल्या की राग येतो. बाईंचा नाही. बाकी सगळ्यांचा येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

आमची इमारत ठाण्याच्या पुढे दिवा गावात, स्टेशनपासून लांब, खाडीच्या अंगाला. पूर्वी इथे खाऱ्या चिखलाचं खाजण होतं. भराव टाकून टाकून जमीन वर आणली आणि तिच्यावर इमारती उभ्या केल्या, एकीच्या खिडकीतून हात काढला तर दुसरीच्या ओट्यावरचा डबा उचलता येईल अशा. पालिकेचं पाणी गेटजवळच्या एका नळाला सकाळी येतं, तेही करंगळीएवढ्या धारेचं. बाकी सगळा कारभार बोअरवर. आजूबाजूच्या इमारतींच्या बोअरला मचूळ पाणी, चहा केला तर फुटायचा. आमच्या बोअरचं पाणी मात्र गोड. हे ‘गोड’ म्हणजे आमच्या इमारतीचं भूषण. फ्लॅट बघायला कोणी आलं की एजंट हॉल दाखवायच्या आधी नळ सोडायचा. “पिऊन बघा. शहाळं झक मारतं.” शेजारच्या इमारतींतल्या बायका कॅन घेऊन यायच्या आणि आमच्या बायका मोठ्या मनाने ते भरून द्यायच्या.

आपल्या भाषेत हा एक घोळच आहे. जे खारट नाही ते गोड, आणि जे गोड ते चांगलं. बाई म्हणायच्या, “खारं पाणी निदान प्रामाणिक असतं. जिभेला सांगून तरी येतं.”

लिमयेबाई या इमारतीत आल्या त्या नोकरी संपल्यावर. डोंबिवलीकडे कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या लॅबमध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. पुढे कारखाना बंद पडला, डोंबिवलीचं घर भावाभावांत विकलं गेलं आणि बाईंच्या वाट्याला जे आलं त्यात दिव्यातलं वन रूम किचन बसलं. लग्न केलेलं नव्हतं. किडकिडीत, बुटक्या. मनगटावर वडिलांचं भलंमोठं घड्याळ, ते सारखं कोपराकडे घसरायचं. साड्या सगळ्या पांढऱ्या नाहीतर मळकट पांढऱ्या. जन्मभर रंग बनवलेल्या बाईच्या अंगावर रंगाचा ठिपका नसायचा. माझी नवी साडी दिसली की पदर चिमटीत धरून म्हणायच्या, “हा निळा कुठल्या नाल्यातून वाहतो, ते मला माहीत आहे.” झालं. ती साडी पुन्हा नेसावीशी वाटायची नाही. मूड बरा असला की आम्हाला ‘अगं’ म्हणायच्या, चिडल्या की ‘मेल्यांनो’. ‘अगं’ क्वचितच ऐकायला मिळायचं.

रोज सकाळी त्या गेटच्या नळाला रांग लावायच्या. कळशीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. येता-जाता चेअरमन सावंत हटकायचे, “काकू, कशाला त्रास घेता? घरात नळ सोडा, गोड पाणी.”

“तुम्ही प्या,” बाई म्हणायच्या. “मी मचूळ माणूस आहे.”

मी वर्तकनगरला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. घरी येईपर्यंत अंगात पोळ्या लाटायचं त्राण नसतं, म्हणून पोळ्या सुनंदा कांबळेकडून घेते. सुनंदा आमच्या खालच्याच मजल्यावर राहते. नवरा रिक्षा चालवतो, ती घरी पोळ्या करून अर्ध्या इमारतीला पुरवते. बाईंचे गुडघे धरायला लागले, ओट्याशी उभं राहवेना, म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना पोळ्या लावायला सुनंदाकडे घेऊन गेले.

सुनंदाने आधी पाणी आणलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “कुठलं?”

सुनंदाचा चेहरा झर्रकन बदलला. तिने बाईंबद्दल ऐकलं असेल-नसेल, पण लिमये आडनावाची बाई कांबळ्यांच्या घरात बसून ‘पाणी कुठलं’ विचारते, याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. तो अर्थ सुनंदाला शाळेच्या आधीपासून पाठ होता. तिने पेला मागे घेतला. आवाज चढवला नाही.

“आमच्या घरातलंच आहे, काकू. तुम्हाला चालत नसेल तर राहू दे. जबरदस्ती नाय.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाईंना आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मी त्यांना चिडलेलं हजारदा पाहिलंय, शरमलेलं तेवढं एकदाच. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, सुनंदाच्या हातून पेला घेतला, तोंडाला लावला आणि रिकामा केला. थेंब ठेवला नाही. पदराने तोंड पुसलं.

“आता सांग. कुठलं?”

“बोअरचं,” सुनंदा म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. “पण उकळलेलं आहे. चांगलं आटेपर्यंत उकळते मी. पोरं पितात ना.”

“आटेपर्यंत,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. “अगं, उकळून जंतू मरतात. बाकीचं मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते आणि ते खाली राहतं, आणखी दाट होऊन.”

“बाकीचं म्हणजे काय?”

“तेच बघायला हवं.” पेला परत देताना बाईंनी तिचा हात धरला आणि तळवा वर केला. तळव्यावर ज्वारीच्या दाण्यांसारखे टणक, खरखरीत कण होते. “हे कधीपासून?”

“लाटण्याचे घट्टे ते. डॉक्टर बोलले, पोळ्यांचं काम आहे ना तुमचं, होणारच.”

“पाय दाखव.”

“काय?”

“तळपाय.”

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने अवघडून एक पाय वर घेतला. तळपायावर तेच, टाचेपर्यंत.

“पायाने लाटतेस का पोळ्या?” बाईंनी विचारलं.

मग सुनंदानेच पदर थोडा सरकवला. गळ्याखाली काळपट त्वचेवर फिके ठिपके, धुळीत चार थेंब पडून गेल्यासारखे. तिच्या सासूलाही तसेच होते. घरात सगळे त्याला ‘उष्णता’ म्हणायचे आणि सब्जा भिजवून प्यायचे. कुठल्या पाण्यात भिजवून, ते सांगायला नको.

आंबिवलीला बाईंच्या कारखान्यातला एक जुना सहकारी पाणी तपासायची छोटी लॅब चालवायचा. बाई बाटल्या भरून स्वतः घेऊन गेल्या. निकाल फोनवर ऐकायला तयार नव्हत्या, पुन्हा स्वतः गेल्या. परत आल्या त्या सरळ माझ्या दारात. चप्पलही काढली नाही. “शिसं आहे. पण ते परवडलं. आर्सेनिक आहे, पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट. ना वास, ना रंग, ना चव. मेल्यांनो, गोड लागतं म्हणे!”

रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. सावंत चेअरमन म्हणजे बोलायला अत्यंत गोड माणूस, बोअरसारखेच. कोणाच्या घरी आजारपण आलं तर रिक्षा बोलावणारे, गणपतीला सगळ्यांच्या घरी जाणारे. त्यांनी बाईंना पूर्ण बोलू दिलं. मग हसून म्हणाले, “आर्सेनिक? अहो, कोरोनात आपण घरोघरी काय वाटलेलं? आठवतं का कोणाला? आर्सेनिकच्याच गोळ्या ना त्या, होमिओपॅथीच्या! इम्युनिटीसाठी! मी स्वतः प्रत्येक मजल्यावर जाऊन दिलेल्या.”

“मग काय, आपल्याला तर फुल टाइम इम्युनिटी!” मागून कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. ज्या माणसांच्या पोरांच्या पोटात रोज ते पाणी जात होतं, त्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्यांच्यात बसले होते.

बाई थांबल्या. टाळ्या संपू दिल्या. “त्या साबुदाण्यांत आर्सेनिक नावाला होतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बोअरमध्ये खरंखुरं आहे. इंग्रजी नावाने तुम्हाला मजा वाटतेय, तर मराठीत सांगते. आर्सेनिक म्हणजे सोमल.”

पहिल्या रांगेत बसलेली संगमेश्वरकडची एक म्हातारी चमकली. “सोमल? उंदरांना घालायचे, तो?”

“तोच, आजी. एकदम घातला तर माणूस संध्याकाळपर्यंत मरतो आणि घरात पोलीस येतात. चिमूट चिमूट करून वर्षानुवर्षं घातला तर आधी कातडी खराब होते, मग यकृत, मूत्राशय, फुप्फुसं. कॅन्सर. आणि पोलीस येत नाहीत.”

मला वाटलं, झालं, आता ही माणसं उठतील आणि मोटर बंद करतील. पण सावंत उठले. बाईंच्या जवळ गेले आणि आवाज खाली आणून, अगदी काळजीने म्हणाले, “काकू, जरा हळू. बाहेर ऐकू जाईल.”

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढचं सगळं त्याच वाक्याला जोडून आलं. ही गोष्ट गेटबाहेर गेली तर फ्लॅट कोण घेईल, ज्यांना विकून बदलापूरला जायचंय त्यांनी काय करायचं, पोरींची लग्नं ठरायची आहेत. एकेक मान डोलायला लागली. पोरांच्या पोटात गेलं तर चालेल, गेटबाहेर जाता कामा नये. शेवटी ठरलं की पाणी ‘पुन्हा एकदा चांगल्या ठिकाणी’ तपासून घेऊ. ती चांगली जागा आजपर्यंत सापडलेली नाही. दोन-तीन घरांनी गुपचूप महागडी फिल्टर-मशीन बसवली. बसवली ती बसवली, वर शेजाऱ्यांना सांगितलं की पाहुण्यांना थंड पाणी लागतं.

बाईंनी पालिकेकडे अर्ज केले. जिथे जातील तिथे सांगायचे, बोअर खासगी आहे, सोसायटीने बघावं. सोसायटी म्हणायची, नळाला पाणी नाही म्हणून तर बोअर आहे. दोन्ही बोलणी खरी होती. त्या दोन खऱ्या बोलण्यांच्या मध्ये सुनंदाचे हात होते, पण हातांचं कोणी बोलत नव्हतं.

मग बाईंनी ते रंगाचं काम केलं.

“बंगालच्या बाजूला असं पाणी निघालं की हापसा लाल रंगवून टाकतात,” त्या मला म्हणाल्या. “वाचता न येणाऱ्यालाही कळतं. लाल म्हणजे थांब. सिग्नलला कळतं ना?” हार्डवेअरच्या दुकानात लाल ऑइलपेंट संपला होता. दुकानदाराने जो होता तो दिला. “लालच आहे हो, थोडा केशरीकडे जातो.” एका दुपारी बाईंनी एकटीने उकिडवं बसून बोअरचा पाइप रंगवला, त्याच्यावरचं गोल झाकण रंगवलं, खालचा सिमेंटचा कट्टा रंगवला. मी कामावरून आले तेव्हा त्या कट्ट्याशेजारी गुडघे धरून बसल्या होत्या. पांढऱ्या साडीवर शिंतोडेच शिंतोडे. त्यांच्या अंगावर मी रंग पाहिला तो तेव्हाच. दमल्या होत्या, पण खूश होत्या. “आता बघू कोण पितंय,” म्हणाल्या.

दोन दिवसांनी झाकणावर एक जास्वंद दिसली. मग हळदीकुंकवाची चिमूट. मग उदबत्तीचा पुडा. मंगळवारी नारळ.

शेंदरी रंग, गोल डोकं, खाली कट्टा. आपल्या डोळ्यांना याच्यात दुसरं काय दिसणार? हे कोणी रंगवलं, कशाला रंगवलं, एकानेही विचारलं नाही. ज्या देशात दगडाला शेंदूर लागला की देव होतो, तिथे बाईंनी धोक्याची खूण म्हणून शेंदरी रंग फासला होता! मला आधी हसू आलं. मग सावंतांनी कट्ट्याला टाइल्स लावून घेतल्या, वर छोटी पत्र्याची मेघडंबरी केली आणि ‘जलदेवी’ असं लिहून घेतलं, तेव्हा हसू गेलं. आता बोअर बंद करा म्हणायची कोणाची टाप नव्हती. देवीची आरती सुरू झाली. आरतीनंतर बोअरचं पाणी पळीपळीने तीर्थ म्हणून सगळ्यांच्या तळहातावर. सुनंदाच्या शेजारी उभी असलेली पोरं ते भुरका मारून प्यायची. पलीकडच्या इमारतींतून येणारे कॅन दुप्पट झाले.

एका आरतीला बाई खाली उतरल्या. ती संगमेश्वरची म्हातारी तेलात कालवलेला खरा शेंदूर झाकणावर लावत होती. बाईंनी तिचा हात धरला.

“शेंदूर कशाचा करतात माहीत आहे का, मेल्यांनो? शिशाचा! विषावर विष लिंपताय आणि वर हात जोडताय! तो रंग मी लावलाय. मी! दुकानातून आणून!”

“देवीला नको ते बोलू नका, बाई,” कोणीतरी दरडावलं.

“कसली देवी? पंप आहे तो!”

लोक अंगावर आले. सावंतांनीच त्यांना आवरलं, हे सांगायला हवं. पण रेटारेटीत कोणीतरी बाईंना दंडाला धरून बाजूला ओढलं आणि वडिलांचं घड्याळ मनगटातून निसटून टाइल्सवर पडलं. काच फुटली. सुनंदाने ते उचललं, बाईंना धरून आपल्या घरी नेलं. मागोमाग मी.

सुनंदाने चहा ठेवला आणि पातेल्यात पाणी ओतता ओतता स्वतःच म्हणाली, “गेटच्या नळाचं आहे. आता तेच भरते.” मग जरा वेळाने तिने विचारलं, “काकू, तुम्हाला एवढा राग कशाचा येतो? तुम्ही तर हे पीत पण नाय.”

बाईंनी घड्याळाच्या फुटक्या काचेवरून अंगठा फिरवला. “आमच्या कारखान्यात टाक्यांच्या तळाशी गाळ साचायचा,” त्या म्हणाल्या. “चिखलच. त्यात काय काय आहे ते मी तपासायचे आणि सही करायचे. मग ट्रक यायचा. गाळ भरून गेटबाहेर पडायचा आणि खाडीच्या बाजूला वळायचा. लॅबच्या खिडकीतून दिसायचं. साहेब म्हणायचे, पातळ करा आणि सोडा, घट्ट असेल तर भरा आणि सोडा. इतकी वर्षं मी तो ट्रक बघितला. एकदासुद्धा खाली उतरून ड्रायव्हरला विचारलं नाही, कुठे नेतोस?”

चहा उतू गेला. सुनंदाने गॅस बंद केला.

“तेव्हा ‘कुठे’ विचारलं नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून आता ‘कुठलं’ विचारते.”

“म्हणजे तो गाळ हितंच टाकला?”

“माहीत नाही गं. तेच तर आहे. इथे भराव कोणी टाकला, कशाचा टाकला, कोणालाच माहीत नाही. कोणी विचारलंच नाही.”

त्यानंतर सुनंदा ठाण्याला कातडीच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आली. मी सोबत होते. डॉक्टरांनी तिचे दोन्ही तळवे दिव्याखाली धरले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पाणी कुठलं पिता?” सुनंदा माझ्याकडे बघून हसली आणि हसता हसता रडायला लागली. डॉक्टरांना कारण कळेना. त्यांनी तपासण्या लिहून दिल्या, ते पाणी तोंडात घालू नका म्हणून बजावलं आणि दर काही महिन्यांनी दाखवायला यायला सांगितलं. ठिपके हळूहळू फिके होतील म्हणाले. हातांचं काही सांगता येत नाही, आणि आत काय झालंय ते लगेच कळणार नाही.

त्या दिवसापासून गेटच्या नळाला सुनंदा बाईंच्या पुढे उभी राहायला लागली. पीठ त्याच पाण्यात मळायचं, वरण त्याच पाण्यात. पोळ्या घ्यायला येणाऱ्याला ती सांगायची, माझ्याकडे बोअरचं पाणी नाय. काहींनी देवीचा अपमान नको म्हणून पोळ्या बंद केल्या. सावंतवहिनींनी तिला जिन्यात गाठून समजावलं, फार शहाणी होऊ नकोस. सुनंदा म्हणाली, “मी काय शहाणी नाय वहिनी. माझे हात बघा.” वहिनींनी बघितले नाहीत.

बाईंना लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. मूत्राशयाचा कॅन्सर. मी रडवेली झाले तर मलाच ओरडल्या. “रडतेस काय? रंगवाल्यांचा जुना आजार आहे. आमच्या लॅबमधले बरेच जण यातच गेले. पातळ करून सोडलं तरी जिथे साठायचं तिथे साठतंच, नाल्यात काय आणि माणसात काय.” हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा सुनंदा सकाळी आपल्याबरोबर त्यांचीही कळशी भरून ठेवायला लागली. शुद्धीवर असेपर्यंत बाईंनी नर्सपासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला तो प्रश्न विचारला. सलाइनची बाटली लावताना एकदा तिच्याकडेही चष्म्यावरून बघितलं होतं.

शेवटच्या दुपारी मी रजा घेऊन त्यांच्या उशाशी बसले होते. पुतण्या पुण्याहून निघाला होता, पण पोचला नव्हता. डोळे मिटलेले, श्वास तुटक. खोलीत शेजारपाजारच्या बायका जमल्या. कोणीतरी म्हणालं, तोंडात पाणी घाला, गंगा आहे का कोणाकडे? गंगा कोणाकडेच नव्हती. तेवढ्यात सावंतवहिनी जिना चढून आल्या. हातात पितळेचा तांब्या, वर तुळशीची पानं. डोळ्यांना धार लागलेली. नाटक नव्हतं ते, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. “बाजूला व्हा,” म्हणाल्या, “देवीचं तीर्थ आणलंय. बाई कशाही असोत, जाताना तोंड सुकं नको.”

बायकांनी वाट दिली. माझा नुसता संताप झाला. ज्या पाण्यासाठी ही बाई भांडली, ज्या पाण्यापायी तिला ओढून बाजूला केलं, तेच पाणी प्रेमाने तिच्या ओठांवर घालायला आणलं होतं, आणि आता तिला नाही म्हणता येणार नव्हतं.

सुनंदा दारातच उभी होती. तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

“कुठलं?” तिने विचारलं.

या घरात तो शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधी आला नव्हता.

“अगं, देवीचं…” सावंतवहिनी म्हणाल्या.

“देवीचं नाय. बोअरचं. न्या परत.”

वहिनी तांब्या छातीशी धरून मागे सरकल्या. सुनंदा धावत आपल्या घरी गेली, पेला आणि तुळशीचं पान घेऊन आली. पलंगाशी वाकून तिने बाईंच्या कानाशी तोंड नेलं. त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

“काकू, गेटच्या नळाचं आहे. सकाळी मीच भरलंय. आमच्या घरातलं.”

डोळे उघडले नाहीत. ओठ मात्र थोडे विलग झाले. सुनंदाने त्या खरखरीत बोटांनी तुळशीचं पान पेल्यात बुडवलं आणि पाणी सोडलं. बाईंच्या गळ्याखाली ते उतरताना आम्ही सगळ्यांनी बघितलं.

खाली बोअरची मोटर सुरू झाली होती. टाकी भरायची वेळ होती.